रोममधला पहिला शनिवार-रविवार: दिवसाला एकच तिकीट, बाकी पायी

रोमला मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्युनिकमध्ये नोकरी लागून सहा महिने झाले होते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट विमानतळ गाठला. मोबाइलमध्ये सतरा ठिकाणांची यादी होती. रविवारी सकाळी नऊ वाजता मी व्हॅटिकन संग्रहालयाच्या दारात उभी होते आणि दार बंद होतं. सिस्टीन चॅपल मी खास रविवारसाठी राखून ठेवलं होतं, आणि ते रविवारी उघडं असतं का हे बघायचंच राहून गेलं होतं. संध्याकाळी परतीच्या विमानात बसले तेव्हा सतरापैकी अकरा ठिकाणी पाय लागले होते, पण मनात नीट उरलं होतं ते एका गल्लीतल्या नळाचं गार पाणी. एक ना धड, भाराभर चिंध्या.

दोन वर्षांनी आई-बाबा कोल्हापूरहून आले. बाबांचा गुडघा दुखरा. आई माळकरी, तिला अंडंही चालत नाही. त्या वेळी मी एकच नियम केला: तिकीट काढून, वेळ ठरवून बघायची मोठी जागा दिवसाला एकच. शनिवारी व्हॅटिकन, रविवारी कलोसियम, म्हणजे प्राचीन रोमनांचं खेळांचं मोठं प्रेक्षागार. बाकी सगळं पायी, जेवढं जमेल तेवढं. तो शनिवार-रविवार आम्ही तिघंही अजून आठवतो. तेव्हापासून रोमला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्याला मी हाच आराखडा पाठवते. तोच इथे सविस्तर लिहिते आहे.

सोबत काय हवं

- मूळ पासपोर्ट. मोबाइलमधला फोटो चालत नाही. इटलीत हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, आणि कलोसियमचं तिकीट नावावर असतं, दारावर ओळखपत्र मागतात.
- युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन देशात (एकाच व्हिसावर फिरता येतं अशा देशांपैकी एकात) राहत असाल तर तिथलं निवासपत्रही मूळ. त्यावर इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही.
- भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा, विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण, बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरण, नोकरीचं पत्र आणि रजेचा दाखला. आई-बाबा तुमच्याकडे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये येऊन मधे दोन दिवस रोमला जाणार असतील, तर व्हिसा मुख्य मुक्कामाच्या देशाचा घ्यायचा. तोच इटलीत चालतो.
- एक कार्ड रोजच्या खर्चाला, दुसरं बॅगेत वेगळ्या कप्प्यात. थोडे रोख युरो.
- रिकामी बाटली, टोपी, आणि खांदे झाकायला ओढणी किंवा पातळ शाल.
- जाड तळव्याचे बूट. यावर पुढे बोलते.
- मोबाइलचा दोन बारीक पिनांचा चार्जर तिकडच्या भिंतीत बसतो. आपल्या तीन पिना बसत नाहीत, त्यासाठी अडॅप्टर घ्या.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या हद्दीवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. भारतातून थेट येणाऱ्यांचे पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. त्यामुळे शुक्रवारी उतरल्याच्या संध्याकाळी काही ठरवून ठेवू नका.

१. विमानाआधी कॅलेंडर बघा

माझी चूक इथेच झाली, म्हणून हे सगळ्यात आधी. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. सिस्टीन चॅपल त्याच्या आतच आहे, म्हणजे तेही बंद. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा: तेव्हा ते सकाळी ९ ते दुपारी २ उघडं असतं आणि प्रवेश फुकट. फुकट आहे म्हणून पहिल्याच भेटीत त्या दिवशी जाऊ नका. रांग भिंतीला वळसा घालून जाते आणि आत गेल्यावर मान वर करून बघायलाही जागा नसते.

कलोसियमचं उलटं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पुरातन जागा फुकट असतात, पण तेव्हा आधी वेळ राखून ठेवता येत नाही. दोनच दिवस हातात असताना अर्धा दिवस रांगेत घालवणं मला परवडणारं वाटत नाही. पहिला रविवार टाळा.

२९ जून आणि १५ ऑगस्ट या सणांनाही व्हॅटिकन संग्रहालय बंद असतं. १५ ऑगस्टच्या आसपास तर अर्धं रोम सुट्टीवर जातं आणि गल्लीतली चांगली खानावळ नेमकी बंद मिळते. जुलै-ऑगस्टचं ऊन आपल्या मे महिन्यासारखं असतं. आई-बाबांना न्यायचं असेल तर एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर बघा.

२. दोन मोठी तिकिटं घरून काढा

कलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरोंचं. त्यात कलोसियम, शेजारचं फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी हे तिन्ही येतं आणि ते २४ तास चालतं. वेळ ठरलेली असते ती फक्त कलोसियमची. १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण त्यांच्याही नावाचं तिकीट काढावंच लागतं. नावं पासपोर्टवर आहेत तशीच भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, त्याचा घोळ दारावर नको.

व्हॅटिकनचं तिकीट २० युरो आणि घरून काढल्याचे ५ युरो जास्त. हे ५ युरो डोळे झाकून द्या. शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ घ्या. का, ते पुढे येईल.

शोधायला गेलात की अधिकृत संकेतस्थळाच्या आधी दहा दलालांची पानं दिसतात. रचना तशीच, भाव दीडपट-दुप्पट. घाईघाईत पहिल्या दुव्यावर बोट ठेवू नका. अधिकृत तिकिटं संपलीच असतील तर मार्गदर्शकासह मिळणारी फेरी घ्या, पण आपण जास्तीचे पैसे कशाचे देतोय हे माहीत असू द्या.

पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन वास्तूला जुलै २०२३ पासून ५ युरोंचं तिकीट आहे. तेही आधी काढता येतं. पाऊण तासात बघून होतं, म्हणून मी त्याला माझ्या नियमात मोजत नाही.

३. राहायचं कुठे

पहिल्या भेटीसाठी तीन वस्त्या ध्यानात ठेवा. व्हॅटिकनशेजारचं प्राती: रस्ते सपाट आणि रुंद, रात्री शांत, वडीलधाऱ्यांना सगळ्यात बरं. कलोसियमजवळचं मोंती: देखणं, पण चढउताराचं. आणि टर्मिनी स्टेशनाच्या आसपासचं एस्क्विलिनो: स्वस्त, गजबजलेलं, जवळच पियाझ्झा व्हिटोरिओच्या बाजारात डाळ, तांदूळ, कोथिंबीर, हिरवी मिरची सगळं मिळतं. ते दुकानदार बहुतेक बांगलादेशी आणि भारतीय, हिंदीत बोलता येतं.

आरक्षण करण्याआधी लिफ्ट आहे का, आणि दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, हे दोन्ही विचारा. शिवाय शहराचा पर्यटन कर असतो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे माणशी रात्रीला साधारण ४ ते १० युरो. तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा नसतो, तिथे गेल्यावर वेगळा द्यावा लागतो.

४. विमानतळावरून शहरात

फ्युमिचिनो विमानतळावरून दोन गाड्या सुटतात आणि नवखा माणूस इथे गोंधळतोच. लिओनार्दो एक्सप्रेस थेट टर्मिनीला जाते: ३२ मिनिटं, १४ युरो. दुसरी एफएल-१ ही साधी लोकल: ८ युरो, ट्रास्टेव्हेरे, ओस्टिएन्से, टिबुर्तिना अशी थांबत जाते, पण टर्मिनीला जात नाही. स्वस्त म्हणून तिच्यात बसून टर्मिनीची वाट बघत राहू नका.

कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवा. तिकीट खिशात असूनही शिक्का नाही म्हणून दंड होतो.

तिघं-चौघं आणि सामान असेल तर टॅक्सी परवडते. जुन्या तटबंदीच्या आतल्या कुठल्याही पत्त्यासाठी ठरलेलं भाडं आहे, माणसं आणि सामान धरून ५५ युरो. गाडी पांढरी, छतावर पाटी, दारावर शहराचं चिन्ह. बाहेर येताच जवळ येऊन हळू आवाजात "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

शहरात बस, ट्राम, मेट्रोचं एकच तिकीट: दीड युरो, १०० मिनिटं, त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. बसचा चालक तिकीट देत नाही. मोठ्या 'टी'ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात घ्या, किंवा बसमधल्या यंत्राला कार्ड टेकवा. एका कार्डावर एकच माणूस. बाबांसाठी तेच कार्ड दुसऱ्यांदा टेकवून चालत नाही, त्यांना दुसरं कार्ड किंवा मोबाइल द्या.

५. शनिवार सकाळ: आधी बॅसिलिका, मग संग्रहालय

बहुतेक लोक संग्रहालय आधी करतात आणि अकरा-बारा वाजता सेंट पीटर्स बॅसिलिका या भव्य चर्चच्या रांगेत उन्हात उभे राहतात. तुम्ही उलटं करा. बॅसिलिका सकाळी ७ वाजता उघडते. तेव्हा चौकात कबुतरं आणि झाडूवाले असतात, तपासणीची रांग दहा-पंधरा मिनिटांची. प्रवेश फुकट आहे. हे ठळक सांगते, कारण पहिल्या भेटीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एकाने मला इथे "प्रवेशाचे" ३० युरो मागितले आणि मी ते दिले.

कपड्यांचा नियम खरोखर पाळतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाईमाणसाचे आणि पुरुषांचेही. हाफ पँट घातलेल्या मुलांना माझ्यादेखत दारातून परत पाठवलं.

आत शिरताच उजव्या हाताला पहिल्याच देवालयात मायकेलअँजेलोची पिएता आहे, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची मूर्ती. १९७२ मध्ये एकाने हातोड्याने तिच्यावर घाव घातले, तेव्हापासून ती काचेआड आहे. सकाळी सव्वासातला तिच्यासमोर तुम्ही आणि दोन-चार माणसं असता. वर घुमटावर जायचं तर एकूण ५५१ पायऱ्या. लिफ्टचं तिकीट घेतलं तरी ३२० चढायच्या उरतातच, आणि शेवटी जिना इतका अरुंद होतो की भिंतीबरोबर अंग कलतं करावं लागतं. बाबांना आम्ही खालीच बसवलं.

बाहेर चौकात आलात की घाईने निघू नका. कारंज्यांच्या आणि मधल्या स्तंभाच्या आसपास जमिनीत एक गोल दगड बसवलेला सापडेल, दोन्ही बाजूंना एकेक आहे. शिल्पकार बर्निनीने १६५६ ते १६६७ मध्ये या चौकाभोवती २८४ खांब चार रांगांत उभे केले. कुठूनही बघा, खांबांचं रान दिसतं. त्या गोल दगडावर उभं राहिलं की मागचे तिन्ही खांब पुढच्यामागे दडतात आणि एकच रांग उरते. आईला मी काही न सांगता तिथे उभं केलं. ती एक पाऊल बाजूला झाली, परत दगडावर आली, परत बाजूला झाली. "अगं, मागचे गेले कुठं?" बाबाही मग बराच वेळ तेच करत राहिले.

तिथून कॉफी घेऊन संग्रहालयाकडे निघा. त्याचं दार चौकात नाही, तटाच्या दुसऱ्या बाजूला आहे. चालत पंधरा-वीस मिनिटं धरा. म्हणून साडेदहाची वेळ.

आत दालनामागून दालन आहे. सगळं बघायचा हट्ट सोडा. लाओकून आणि त्याच्या मुलांना विळखा घालणाऱ्या सापांचं प्राचीन शिल्प, १२० मीटर लांबीचं नकाशांचं दालन, चित्रकार राफाएलच्या खोल्या आणि शेवटी सिस्टीन चॅपल, एवढं धरलं तरी अडीच-तीन तास जातात. चॅपलमध्ये फोटो काढायला मनाई आहे आणि बोलायलाही. कडेला बाकं आहेत. कुणी उठेपर्यंत थांबा आणि तिथे बसा. छताचं काम मायकेलअँजेलोचं, १५०८ ते १५१२ चं, समोरच्या भिंतीवरचं 'अंतिम निवाडा' हे चित्र त्यानंतर जवळपास पाव शतकाने त्याच हाताने रंगवलेलं. उभ्याने बघितलं तर पाच मिनिटांत मान दुखते, बसून अर्धा तास बघता येतं.

मोठी बॅग आत नेता येत नाही, दाराशी ठेवून घेतात. पण ती परत घ्यायला पुन्हा तिथेच यावं लागतं.

६. दुपारी झोपा, संध्याकाळी चाला

दुपारी एक ते चार मी काहीच ठरवत नाही. खोलीवर जा, पाय वर करून पडा. संध्याकाळचं चालणं हे त्या दोन दिवसांतलं सगळ्यात सुंदर आहे आणि त्यासाठी पाय शाबूत हवेत.

बूटांचं इथेच सांगते. जुन्या रोमचे रस्ते काळ्या दगडाच्या ठोकळ्यांचे आहेत, त्याला तिकडे सांपिएत्रिनी म्हणतात. वरून गुळगुळीत, मधे फटी. आईने हौसेने कोल्हापुरी घातली होती आणि पावसाच्या शिडकाव्यानंतर ती दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी मनगट मुरगळलं. चाकांची बॅगही या दगडांवर ओढता येत नाही, उचलावी लागते.

रस्ता असा: सांत'अँजेलो किल्ल्यासमोरच्या, देवदूतांच्या पुतळ्यांच्या पुलावरून टायबर ओलांडा. पंधरा मिनिटांत पियाझ्झा नव्होना. मधल्या कारंज्यावर चार पुरुष बसलेत, चार खंडांतल्या चार नद्या: डॅन्यूब, नाईल, ला प्लाता आणि आपली गंगा. बर्निनीचंच काम, १६५१ मध्ये पूर्ण झालेलं. हातात लांब वल्हं आहे ती गंगा. दाढीवाली गंगा बघून आई थबकली. रोमन परंपरेत नद्यांचे देव पुरुष असतात हे मी सांगितलं, ते तिला फारसं पटलं नाही, पण तिने हात जोडले.

तिथून पाच मिनिटांवर पँथिऑन. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनच्या काळी बांधलेली ही वास्तू इसवी सन ६०९ पासून चर्च आहे, म्हणूनच इतकी धड राहिली. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे ४३ मीटर. माथ्यावर उघडं भोक आहे, त्याला काच नाही. पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तेव्हा तिकिटावरची वेळ पाळा.

पुढे दहा मिनिटांवर ट्रेव्ही कारंजं. संध्याकाळी तिथे एका वेळी ४०० लोकांनाच कठड्याशी सोडतात. वरून बघा आणि पुढे व्हा. नीट बघायचं असेल तर सकाळी सहाला या. पाण्यात पडलेली नाणी गोळा करून गरिबांच्या मदतीसाठी देतात. हे पाणी ज्या पाटाने येतं तो मुळात इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिप्पाने आणला.

अंगात त्राण असेल तर स्पॅनिश पायऱ्या. चढा, उतरा, पण बसू नका. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे आणि २५० युरोंपासून दंड.

७. रविवार: कलोसियम, आणि मिरीची कोठारं

सकाळची पहिली वेळ घ्या. पोटभर न्याहारी करून जा, काचेची बाटली आणि मोठी बॅग आत सोडत नाहीत आणि सामान ठेवायची सोयही नाही. खोली सोडून आला असाल तर बॅगा हॉटेलातच ठेवा.

आत शिरण्याआधी बाहेरून उत्तरेकडच्या कमानींवर नजर टाका. कमानीच्या माथ्यावर रोमन आकडे कोरलेले अजून दिसतात. इथे सुमारे ५०,००० माणसं बसायची, आणि कुणी कुठल्या दाराने जायचं ते त्या आकड्यांवरून ठरायचं. दगडांत सगळीकडे भोकं दिसतात, तिथे दगड जोडणारे लोखंडी हुक होते. मध्ययुगात लोकांनी ते उकरून नेले. सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलेलं हे काम त्याच्या मुलाने, टायटसने, इसवी सन ८० मध्ये खुलं केलं. वरच्या मजल्यासाठी लिफ्ट आहे. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला मोकळेपणाने विचारावं.

दीड तासात बाहेर या आणि त्याच तिकिटावर फोरममध्ये शिरा. सावली जवळजवळ नाही. टोपी घाला, बाटली भरून घ्या. पवित्र मार्ग या जुन्या रस्त्याने चालताना तीन प्रचंड कमानींची एक वास्तू उभी दिसते, ती मॅक्सेन्शियसची बॅसिलिका (इथे बॅसिलिका म्हणजे चर्च नव्हे, सार्वजनिक सभागृह). तिच्या पोटात त्याहून जुनी, सम्राट डोमिशनच्या काळची कोठारं आहेत. मिरी आणि मसाल्याची कोठारं. ती मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून यायची. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची आणि आपल्या धाराशिवकडच्या तेरची, म्हणजे तगरची, नावं त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आमच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत मी ती बघितली होती आणि विसरले होते. त्या कमानींखाली बाबांनीच आठवण करून दिली. कोल्हापूरचे किंवा धाराशिवचे असाल तर निघण्याआधी आपल्याकडचं संग्रहालय बघून या. मग फोरममधले पडके खांब परके वाटत नाहीत.

पॅलाटाइन टेकडीवर झाडं आहेत, तिथे विसावा घ्या. बाहेर पडलात की फोरमलगतचा हमरस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो. त्यावरून रमतगमत ट्राजनच्या स्तंभापर्यंत जा.

८. खायचं काय

जेवणाच्या वेळा आपल्याशी जुळत नाहीत. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात चूल बंद. आई-बाबांना सहा-सातला जेवायची सवय असेल तर कापून विकतात तो चौकोनी पिझ्झा, पिझ्झा आल् तालिओ, हा उपाय. वजनावर मिळतो. "दुए एत्ती" म्हणजे २०० ग्रॅम, किंवा सरळ हाताने केवढा तुकडा ते दाखवा.

शाकाहाऱ्यांसाठी जपून बघायच्या गोष्टी: कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं. भोपळ्याच्या तळलेल्या फुलात मासा भरलेला असतो. सुप्ली नावाचे भाताचे वडे बघायला निरागस, पण पुष्कळदा मांसाच्या रश्शात केलेले. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या स्पगेत्तीत सहसा नाही. रोमची ओळख असलेला काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरी, शाकाहारी वाटतो, पण त्यातल्या पेकोरिनो चीजसाठी कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. आईला हे मी आधीच सांगितलं, निर्णय तिचा होता. तिने चीज नसलेला मारिनारा पिझ्झा घेतला: टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल. हिवाळ्या-वसंतात गेलात तर ज्यू वस्तीतला तळलेला आर्टिचोक (कळीसारखी एक भाजी) चुकवू नका, कुरडईसारखा कुरकुरीत असतो.

ही वाक्यं पाठ करा: "सोनो वेजेतारियाना" (पुरुषाने "वेजेतारियानो"), "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा". मांस नको, मासे नको, अंडी नकोत.

कॉफी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, टेबलावर बसून तीच दुप्पट-तिप्पट. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती दाखवून कॉफी. कार्डाच्या यंत्राने "रुपये की युरो" विचारलं तर नेहमी युरो दाबा, रुपयांचा दर महाग लावतात.

आणि पाणी विकत घेऊ नका. गल्लोगल्ली लोखंडी खांबाचे, खाली वाकलेल्या तोटीचे नळ आहेत, लोक त्यांना नाझोने म्हणजे मोठं नाक म्हणतात. १८७४ पासूनचे. पाणी अखंड वाहतं, गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उसळते आणि ओंजळ न करता पिता येतं.

९. खिसे सांभाळा

टर्मिनी, मेट्रोची ए मार्गिका आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, इथे पाकीट पुढच्या खिशात आणि पिशवी पोटाशी. दार बंद होताना मुद्दाम खेटणाऱ्यांपासून सावध. हातात गुलाब देणारा, मनगटात दोरा बांधणारा, सही मागणारा, सैनिकाच्या वेशात फोटोला बोलावणारा, या सगळ्यांना मान हलवून "नो ग्राझिए" म्हणा आणि चालत राहा. थांबून समजावत बसू नका.

१०. रविवारची परतीची वाट

संध्याकाळचं विमान असेल तर शेवटचे तीन तास ट्रास्टेव्हेरेत घालवा. पियाझ्झा व्हेनेझियाजवळून ८ नंबरची ट्राम नदीपार नेते. सांता मारिया चर्चमधली बाराव्या शतकातली सोनेरी नक्षी बघा, चौकात बसा. पाठीवरच्या एका पिशवीनिशी आला असाल तर टर्मिनीला परत जायचं कारण नाही: तीच ट्राम पुढे ट्रास्टेव्हेरे स्टेशनावर जाते आणि तिथून ८ युरोंची एफएल-१ थेट विमानतळाला. युरोपातल्या विमानासाठी दोन तास, भारताच्या विमानासाठी तीन तास आधी पोचा.

पाण्याची बाटली तपासणीआधी रिकामी करावी लागते. ट्रास्टेव्हेरेतल्या नळावर भरलेलं ते पाणी ओतून द्यायला आईचं मन झालं नाही. रांगेत उभ्या उभ्या तिने आणि बाबांनी ते वाटून संपवलं.